उपरण्यातलं इंजिन

शमुवेल पाटोळे रेल्वेत गार्ड होते. दौंड-मनमाड लाईनवर त्यांची उभी हयात मालगाडीच्या शेवटच्या डब्यात गेली. बाहत्तर साली निवृत्त झाल्यावर ते नगरला, मिशन कंपाउंडाच्या मागच्या आपल्या दोन खोल्यांत कायमचे राहायला आले. बायको मार्था दवाखान्यातल्या नर्सच्या नोकरीतून आधीच निवृत्त झालेली होती. मूलबाळ नव्हतं.

बाहेरच्या खोलीत काचेचं एक कपाट होतं. दुसऱ्याच्या घरात अशा कपाटात कपबश्या असतात. यांच्या कपाटात पत्र्याच्या खेळण्यातल्या आगगाड्या होत्या. चावीची इंजिनं, टपालाचे डबे, कोळशाच्या वाघिणी, एक लाल रंगाची झुकझुकगाडी आणि तिचा काळा पूल. बहुतेक परदेशी, साठ-सत्तर वर्षं जुन्या. साहेबलोक देश सोडून गेले तेव्हा बंगल्यांमधून सामान विकलं गेलं, त्यात काही मिळाल्या. काही भिंगारच्या भंगारवाल्यांकडे चिमट्या-कुलपांच्या ढिगात सापडल्या. एक तर कोल्हारच्या एका चहाच्या दुकानात चिल्लर ठेवायला वापरत होते, ती मालकाच्या हातापाया पडून आणलेली.

शमुवेलना नुसत्या गोळा करायचा नाद नव्हता. गंजलेली, चेपलेली, स्प्रिंग तुटलेली गाडी आणायची आणि तिला पुन्हा रुळावर उभी करायची, यात त्यांचा जीव रमायचा. रॉकेलात भिजवलेल्या मऊ फडक्याने ते दिवसदिवस गंज पुसत बसत. घाई करायची नाही. पत्र्यावरचा छापील रंग कांद्याच्या पापुद्र्यासारखा असतो, जोर लावला की गंजाबरोबर तोही जातो. रंग गेला तर जाऊ द्यायचा, पण वरून नवा फासायचा नाही, असा त्यांचा नेम होता. मार्था म्हणायची, "माणसाची जखम धुवायला मी जेवढा वेळ घेतला नाही, तेवढा तुम्ही ह्या पत्र्याला घेता." पण नाताळात कंपाउंडातली पोरं गाड्या बघायला जमली की तीच सगळ्यांत आधी कपाट उघडायची.

एक गाडी मात्र कपाटात नव्हती. ती पलंगाखालच्या गार्डाच्या लोखंडी पेटीत, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेली होती. तिला त्यांनी तीन वर्षांत हात लावला नव्हता.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. दिवस मावळायच्या बेताला शमुवेलांची मालगाडी काष्टी सोडून निघाली होती. अजून वेगही घेतला नव्हता. एकदम ब्रेक लागले, डबे एकमेकांवर आदळत गेले आणि गाडी थांबली. शमुवेल बावटा घेऊन खाली उतरले आणि लांबलचक गाडीच्या कडेने पुढे चालत गेले. बैलगाडीचा रस्ता जिथे लाईन ओलांडतो तिथे एका बैलगाडीचं चाक रुळात अडकलं होतं. आता त्या गाडीच्या फळ्या दूरवर पडलेल्या होत्या आणि माणूस रुळाच्या उताराला पालथा पडला होता.

ड्रायव्हर थरथरत होता. "बाजूला झाला होता हो बिचारा," तो म्हणाला. "मी बघितलं ना. चांगला लांब झाला होता. काय आठवलं कुणास ठाऊक, परत गाडीपाशी धावला."

शमुवेलांनी त्या माणसाला उताणं केलं. तिशी-पस्तिशीचा, अंगात बाजारचे धुतलेले कपडे. त्याच्या छातीखाली उपरण्याचं एक गाठोडं होतं. ते सुटलं आणि आतून चेपलेलं पत्र्याचं इंजिन बाहेर आलं. हिरवं, तांबड्या रेघांचं, पितळी धुराड्याचं.

शमुवेलना जे पुढे आयुष्यभर टोचत राहिलं ते हेच. त्या क्षणी, एका मरणाऱ्या माणसाशेजारी गुडघे टेकून बसलेले असताना, त्यांच्या डोळ्यांनी ते इंजिन ओळखलं. जुनं आहे, परदेशी आहे, असलं एकही आपल्याकडे नाही. विचार आला आणि गेला, पण आला होता.

माणूस शुद्धीवर होता. त्याने पाणी मागितलं. शमुवेलांनी आपल्या बाटलीतलं थोडं तोंडात घातलं. मग तो म्हणाला, "बैलं?"

शमुवेलांनी मान वर करूनही बघितलं नाही. "आहेत," ते म्हणाले. "बैलं सुखरूप आहेत." मरणाऱ्याला दुसरं काय सांगणार! थोड्या वेळाने त्याचा श्वास थांबला.

उपरणं त्यांनी त्याच्या अंगावर पांघरलं. इंजिन कुणाच्या पायाखाली येऊ नये म्हणून आपल्या पेटीत ठेवलं. पोलीस आले, पंचनामा झाला, श्रीमंत नावाचा काष्टीजवळच्या वस्तीवरचा शेतकरी अशी नोंद झाली. ते इंजिन हवालदाराच्या हातात द्यायला एवढासा वेळ लागला असता. शमुवेलांनी ते दिलं नाही. घरी पोहोचवू आपणच, असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

पण जाणं झालं नाही. कारण ड्रायव्हरचं ते बोलणं त्यांच्या डोक्यात घर करून बसलं. बाजूला झालेला माणूस परत कशासाठी धावला? छातीखाली तर खेळणं होतं. पोरासाठी घेतलेलं खेळणं गाडीत राहिलं म्हणून तो धावला, याबद्दल शमुवेलना शंका उरली नव्हती. आता हे इंजिन घेऊन त्याच्या दारात जायचं म्हणजे त्याच्या माणसांना सांगायचं, की ह्या एवढ्याशा पत्र्यापायी तुमचा माणूस गेला. ते तोंड त्यांना नव्हतं.

निवृत्तीनंतर मार्थाने घर झाडायला काढलं तेव्हा पेटी पलंगाखालून ओढली. तिला सगळं ठाऊक होतं. ती म्हणाली, "अहो, एक तर हे दुरुस्त करा, नाहीतर बारवेत नेऊन टाका. असं गुंडाळून ठेवलेलं घरात नको. मढं ठेवल्यासारखं वाटतं."

ते दिवस दुष्काळाचे होते. बारवेत काही बुडवावं एवढंही पाणी नव्हतं. शमुवेलांनी ओट्यावर पोतं अंथरलं आणि वर्तमानपत्र सोडलं.

इंजिनाची पाठ चपाती झाली होती. पत्र्याच्या कडांना बारीक जिभा असतात, त्या खाचांमध्ये घालून वाकवलेल्या असतात, त्यांच्यावरच सगळं खेळणं उभं असतं. त्यांनी एकेक जीभ सुरीच्या टोकाने उचलून सरळ केली. दोन तुटल्या. सगळे भाग सुटे करून ओळीने मांडले. मग फडकं रॉकेलात बुडवलं, आणि तिथेच हात थांबला. हिरव्या रंगावर तपकिरी डाग पसरलेले होते. गंज कुठला आणि दुसरं काय, ते वेगळं कळत नव्हतं. त्यांनी डोळे मिटून प्रार्थना केली आणि पुसायला सुरुवात केली. फडकं तांबूस होत गेलं. सगळी फडकी त्यांनी परसात खड्डा करून पुरली. मार्था दारात उभी राहून बघत होती.

पाठ गोल करायला मार्थाचं लाटणं घेतलं. पत्रा त्याच्यावर ठेवून लाकडी ठोकणीने आतून-बाहेरून हलक्या हाताने घासत आणला. मूळची गोलाई आली, तरी आडवी एक वळी राहिलीच. ती काढायला गेलं तर पत्रा फाटला असता. तुटलेल्या जिभांच्या जागी कथलाचा डाख दिला. स्प्रिंग तुटली होती, तिच्या जागी एका मोडक्या गजराच्या घड्याळाची स्प्रिंग कापून बसवली. चावी हरवलेलीच होती, ती पितळेच्या तुकड्यातून कानस मारून घडवली. इंजिन चाललं. दोन हात सरळ जायचं आणि मग उजवीकडे झुकायचं, कारण पुढचा कणा पुरता सरळ झाला नव्हता.

"कपाटात ठेवताय?" मार्थाने विचारलं.

"नाही," शमुवेल म्हणाले. "उद्या काष्टीला जातो."

"काय सांगाल?"

"विचारतील ते सांगेन."

सकाळच्या पॅसेंजरने ते काष्टीला उतरले. स्टेशनवर विचारत विचारत वस्तीचा रस्ता धरला. दोन्ही बाजूंनी रानं उघडी पडली होती, नांगरटीचं ढेकूळ तेवढं वर आलेलं. वाटेत दुष्काळी कामावरची माणसं खडी फोडत होती. श्रीमंतचं घर म्हटल्यावर त्यांतल्याच एका बाईने हातोडी खाली ठेवली, पदराने तोंड पुसलं आणि उभी राहिली.

"मीच त्याची बायकू. छबू. तुमी कुठलं?"

शमुवेलांनी नाव सांगितलं. कुठल्या गाडीवर गार्ड होतो तेही सांगितलं. बाई बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिली. मग मुकादमाला काहीतरी सांगून आली आणि म्हणाली, "चला घरी. हितं नको."

घर जवळच होतं, दोन खणांचं, धाब्याचं. दारात बारा-तेरा वर्षांची एक मुलगी धान्य निवडत बसली होती. पाहुणा बघून ती सूप घेऊन आत गेली. छबूबाईने घोंगडं टाकलं, तांब्यात थोडंसं पाणी दिलं. "सासरं छावनीत हायेत," ती म्हणाली. "बैलं हायेत ना तिकडं. त्यांच्यापाशीच ऱ्हात्यात, राती बी. समद्यांनी जनावरं इकली, आमी न्हाई इकली."

शमुवेलांनी पिशवीतून इंजिन काढलं आणि घोंगड्यावर ठेवलं.

"हे त्यांच्यापाशी होतं. मोडलेलं होतं. मी नीट केलंय. तेव्हाच आणून द्यायला पाहिजे होतं, ते झालं नाही माझ्याच्याने."

छबूबाईच्या चेहऱ्यावर आधी काही उमटलंच नाही. मग ती एकदम मागे सरकली. "रेल्वेनं माझा मानूस खाल्ला," ती म्हणाली, "आन तुमी रेल्वेच घिऊन आला व्हय माझ्या दारात? उचला. उचला ते आदी."

शमुवेल उठायला लागले. तेवढ्यात आतून सूप पडल्याचा आवाज झाला. धान्य जमिनीवर पसरलं. मुलगी उंबऱ्यात उभी होती आणि त्या हिरव्या इंजिनाकडे बघत होती. तिचं तोंड पांढरं पडलं होतं.

"बनू? काय झालं गं?"

"मी मागितली हुती," मुलगी म्हणाली. आवाज इतका बारीक, की शमुवेलना आधी कळलंच नाही. "म्या आप्पाला म्हनलं, मला आगीनगाडी आना. न्हाई आनली तर जेवनार न्हाई म्हनलं. तू रानात हुतीस."

छबूबाई तिच्याकडे वळली.

"त्येच हुडकत बसले असतील बाजारात. मनून उशीर झाला. माझ्यामुळं झालं समदं." आणि ती तिथेच खाली बसली. रडली नाही. तीन वर्षं जे बोलायचं राहिलं होतं ते बोलून झाल्यासारखी नुसती बसली.

"पोरी..." छबूबाई म्हणाली. ती शमुवेलांकडे वळली. "साळंत जाईना झाली. साळा लाईनीच्या पल्याड. मला वाटलं गाडीला भीती. किती मारलं मी हिला त्यापायी." मग थांबून म्हणाली, "तुमी हुता तितं. कसं झालं, सांगा. आमाला कुनी धड सांगितलंच न्हाई. पोलिसांनी नुसता अंगठा घेतला."

हा प्रश्न येणार हे शमुवेलना ठाऊक होतं. गाडीत बसून त्यांनी उत्तरही तयार केलं होतं, थोडं गुळगुळीत, कुणाला न दुखवणारं. त्या मुलीकडे बघून ते त्यांना बोलवेना. खोटं बोललो तर ही पोर ते ओळखेल, असं त्यांना वाटलं.

"चाक रुळात अडकलं होतं," ते म्हणाले. "ड्रायव्हर म्हणाला, तुमचे मालक बाजूला झाले होते. लांब उभे होते. मग परत गाडीपाशी धावले. का धावले ते त्याने बघितलं नाही. मी तर मागे, शेवटच्या डब्यात. मी पोहोचलो तेव्हा हे इंजिन उपरण्यात, त्यांच्या छातीखाली होतं." ते क्षणभर थांबले. "मला तीन वर्षं असं वाटतंय बाई, की ते ह्याच्यासाठी धावले. म्हणून माझे पाय इकडे वळले नाहीत. खोटं कशाला सांगू?"

मुलीने गुडघ्यांत तोंड घातलं.

छबूबाई मात्र ताठ बसली. "ह्याच्यासाठी?" ती म्हणाली. "आन बैलं?"

"बैलांचं मला माहीत नाही. त्यांनी मला विचारलं होतं. पाणी दिलं मी, ते प्यायले, आणि 'बैलं?' म्हणाले. मी म्हणालो, सुखरूप आहेत. मी बघितलं नव्हतं. त्यांच्या जिवाला बरं वाटावं म्हणून बोललो."

"तुमी खोटं न्हाई बोलला," छबूबाई म्हणाली.

शमुवेलांनी वर बघितलं.

"बैलं घरी आली हुती. त्याची खबर यायच्या आदी आली. दिवा लावत हुते मी, तर दोनी दारात हुबी, कासरा मातीतनं वढीत. अंगावर खरचटा न्हाई. मी म्हनलं, धनी मागं ऱ्हायला आसंल." ती पुढे सरकली. "दुसऱ्या दिशी गाडीचं लाकूड आनलं सासऱ्यांनी. जू मोडलं हुतं, पर बैलाच्या मानंखालच्या जुपन्यांच्या दोऱ्या तशाच लोंबत हुत्या. दोनीबी. तुटल्याल्या न्हवत्या. गाठ सोडल्याली हुती. तुमी सांगा, गार्डसायब, बैल सोताच्या हातानं गाठ सोडतो का?"

शमुवेलांनी नकारार्थी मान हलवली. तीन वर्षं ते त्या संध्याकाळकडे बघत आले होते, पण त्यांची नजर खेळण्यावर खिळली होती. मोडलेल्या जुवाकडे ती गेलीच नव्हती.

"त्यो बैलं सोडाया गेल्ता," छबूबाई म्हणाली. "चाक निगंना, गाडी आली, तवा आदी त्यो पळाला. कुनीबी पळंल. मंग बैलं दिसली जुवाला बांदल्याली. दोनीची गाठ सोडली त्यानं, आन त्याला येळ ऱ्हायला न्हाई. हे पत्र्याचं काय, ते पैल्यापास्नं त्याच्या काखंत आसंल. नवा जिनूस त्यो गाडीत टाकनारा मानूसच न्हवता. माझं लुगडं आनलं तरी काखंत धरून यायचा." आणि मग ती रडायला लागली. मोठ्याने नाही. दोन्ही हात मांडीवर टाकून, शमुवेल समोर असताना, पदरसुद्धा न लावता.

मुलीने गुडघ्यांतून तोंड वर काढलं. "पर उशीर तर माझ्यामुळंच झाला."

छबूबाईने नाक पुसलं. "उशीर झाला आसंल," ती म्हणाली. "मीबी मीठमिरची सांगितली हुती. आज्यानं तंबाकू सांगितली हुती. मंग आमी समदी गुन्हेगार का? हिकडं ये."

मुलगी हलली नाही. तेव्हा आईच उठली, सांडलेल्या धान्यावरून चालत गेली आणि तिच्या शेजारी जमिनीवर बसली. शमुवेलांनी तोंड फिरवून बाहेरच्या उघड्या रानाकडे बघितलं.

मग तिघांनी मिळून धान्य गोळा केलं. मिलो होता, सरकारी रेशनची तांबडी परदेशी ज्वारी. छबूबाईने मिलोच्याच पिठाच्या भाकरी केल्या, ठेचा वाटला आणि शमुवेलांच्या पुढ्यात ताट ठेवलं. "आमच्या हातचं चालंल ना?" तिने विचारलं. "मला काय न चालायला बाई," शमुवेल म्हणाले, "तुम्हांला मी चालतो का ते बघा." त्यावर ती जरा हसल्यासारखी झाली.

जेवण झाल्यावर त्यांनी इंजिन उचललं. "हे मी परत नेतो. माझ्याकडे कपाट आहे. नीट राहील. कधी वाटलं तर या बघायला."

"थांबा," मुलगी म्हणाली. ती पुढे आली. हात न लावता वाकून तिने ते सगळ्या बाजूंनी बघितलं. पाठीवरच्या वळीवर तिची नजर थांबली. "हितं काय झालंय?"

"तिथे चेपलं होतं. ते निघालं नाही."

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. मग विचारलं, "चालती का?"

शमुवेलांनी चावी दिली आणि इंजिन सारवलेल्या जमिनीवर सोडलं. ते खरखरत दोन हात गेलं, उजवीकडे झुकलं आणि भिंतीला टेकून चाकं फिरवत राहिलं. त्या आवाजाने छबूबाईने मान फिरवली. पण थांबवा म्हणाली नाही. मग स्प्रिंग उतरली आणि चाकं थांबली.

"ऱ्हाऊ द्या हितंच," छबूबाई म्हणाली. "त्यानं आनल्यालं हाय."

परतीच्या पॅसेंजरमध्ये शमुवेल खिडकीशी बसले. घरी मार्थाने काही विचारायच्या आत त्यांनी तिला सगळं सांगितलं, अगदी जुपण्यांच्या गाठीसकट. ती ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "म्हणजे बैलांचं त्याला खरंच सांगितलंत तुम्ही." मग ती चूल पेटवायला उठली.

पुढच्या जूनमध्ये पाऊस बरा झाला. श्रावणात शमुवेल कामानिमित्त दौंडला निघाले होते. गाडी काष्टीला थांबली तेव्हा फलाटावर छबूबाई दिसली, डोक्यावर चाऱ्याचा भारा. त्यांनी खिडकीतून हाक मारली. ती धावत आली.

"बैलं कशी आहेत?"

"झाक हायेत. पेरनी केली ना त्यांनी."

"आणि बनू?"

"जाती साळंला," ती म्हणाली. "पैल्या दिशी मी संगं गेले लाईनीपस्तोर. तितं हुबी ऱ्हायली बराच येळ. मी म्हनलं, चल, मी हाय. तर म्हनली, तू हितंच थांब आई, माझी मी जाती." गाडीने शिट्टी दिली. छबूबाई डब्याबरोबर चार पावलं चालली. "एवढी मोठी आन बारक्यांच्या वर्गात बसती, लाजती. पर जाती रोज."